चौथा गिअर अगदी नवा आहे

"गाडी किती पळाली हे विचारू नकोस वल्लरी, किती उभी राहिली ते विचार," असं नजमा मिसनी लिफ्टची वाट बघता बघता सांगितलं होतं. वल्लरीनं "हो ना, खरंय" म्हणत मान हलवली आणि लिफ्टचं बटण पुन्हा एकदा दाबलं. समोरच्याचा सल्ला लवकर संपावा म्हणून लिफ्टचं बटण दाबणारी ती काही जगातली पहिली बाई नव्हे.

नजमा मिस समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. आयुष्यभर त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे समोरच्याचं वाक्य पूर्ण होण्याआधीच त्यातली चूक त्यांना दिसते. लिफ्ट येईपर्यंत त्यांनी आणखी एक वाक्य हाणलं. "रबराला किलोमीटर मोजता येत नाहीत. वाढदिवस मात्र बरोब्बर कळतात." निवृत्त माणसांना वाक्यं घडवायला वेळ असतो, असं मनाशी म्हणत वल्लरी लिफ्टमध्ये शिरली.

वल्लरीला ओळखणाऱ्या कुणालाही याचं नवल वाटेल, कारण सूचना झिडकारणं हा तिचा स्वभावच नव्हे. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद ती पूर्ण उलगडून वाचते आणि मग त्यातला कुठला दुष्परिणाम आधी सुरू होतो याची वाट बघत बसते. घराबाहेर पडताना गॅस बघते, कुलूप लावते, कुलूप ओढून बघते आणि खाली गेल्यावर आपण गॅस खरंच बघितला की बघितल्यासारखं वाटलं, हे बघायला वर येते. पण गाडीच्या बाबतीत तिला घाई होती. घाईलाही कारण होतं, आणि ते कारण चार वर्षांचं होतं.

शाल्मलीला दम लागतो. एरवी बघाल तर मुलगी सोफ्यावरून टीपॉयवर आणि टीपॉयवरून बापाच्या पोटावर उड्या मारत असते; पण एखाद्या दिवशी छातीत बारीक शिट्टी वाजायला लागते आणि मग तासाभरात ओठ पांढरे पडतात. मागच्या दहीहंडीला भर दुपारी तसं झालं. आमोद ऑफिसच्या कामाला परगावी. हडपसरच्या प्रत्येक चौकात दोर बांधलेले, रस्ते बंद, रिक्षा नाही, मोबाईलवर टॅक्सी "शोधत आहोत" म्हणतेय ती म्हणतेच आहे. शेवटी टोमॅटो उतरवून परत निघालेल्या एका टेम्पोवाल्यानं मायलेकींना आडवाटेनं दवाखान्यात नेलं. मुलगी संध्याकाळपर्यंत हसायला लागली. वल्लरी अजून हसायची आहे. त्या टेम्पोत रिकाम्या क्रेटला धरून बसल्या बसल्या तिनं ठरवलं, की आपल्या दारात एक गाडी पाहिजे. दिसायला कशीही असो, पण कुणाचा जीव वरखाली होत असेल त्या घडीला किल्ली फिरवली की सुरू होणारी आणि पोचवणारी.

नवी गाडी खिशात बसत नव्हती, तेव्हा वापरलेली. आमोदनं हे काम अंगावर घेतलं. तो संगणकाच्या कंपनीत डेटा बघतो, आणि जे आकड्यात मांडता येत नाही ते अस्तित्वात नाही असं त्याचं मत आहे. चार रविवार खर्ची घालून त्यानं दोन गाड्या निवडल्या. पहिली तीन वर्षांची, पण सव्वा लाख किलोमीटर पळालेली. तिचा मालक औषध कंपनीचा प्रतिनिधी. सोलापूर ते नंदुरबार त्यानं एकही डॉक्टर सोडला नव्हता. ड्रायव्हरच्या सीटला त्याच्या बैठकीचा कायमचा खळगा पडलेला. वल्लरीला त्या गाडीकडे बघूनच धाप लागली. इतकी दमलेली गाडी आपल्या दमेकरी लेकीला काय पोचवणार?

दुसरी सदाशिव पेठेतली. वय वर्षं अकरा, आणि पळालेली जेमतेम नऊ हजार.

"अकरा वर्षांत नऊ हजार!" आमोदचा आवाज चढला. "वल्लरी, गाडीचं वय वर्षांत मोजायचंच नसतं. किलोमीटरमध्ये मोजायचं. त्या हिशेबानं ही अजून रांगतेय."

दार उघडंच होतं. समोरच्या दारातून नजमा मिस म्हणाल्या, "अकरा वर्षं रांगणाऱ्या बाळाला डॉक्टरकडे नेतात हो, आमोद. कौतुक नाही करत."

आमोदनं दार लोटून घेतलं.

गाडीचे मालक गोपाळकृष्ण केतकर दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. बेल वाजवल्यावर पुष्कळ वेळानं साखळीपुरतं दार उघडलं.

"आपण गाडी बघायला आलात की घ्यायला?"

"बघून... घ्यायला," वल्लरी म्हणाली.

"म्हणजे बघायला." साखळी निघाली. "चपला बाहेर. किल्ली माझ्याकडे आहे, घाई करू नका."

खाली पार्किंगमध्ये त्यांनी गाडीवरचं ताडपत्रीचं आवरण काढलं. त्याखाली कापडी आवरण होतं. त्याखाली सोलापुरी चादर. ती दूर झाल्यावर चिंतामणी रंगाची एक लहानशी गाडी डोळे चोळत असल्यासारखी उजेडात आली. एवढी पांघरुणं बघूनच वल्लरीचा जीव तिच्यात गुंतला. थंडीत ती शाल्मलीला अशीच गुंडाळते.

आत बसल्यावर सीट चुरचुरली. शोरूमचं प्लास्टिक अजून जागेवर होतं.

"हे काढलं नाहीत?" आमोदनं विचारलं.

"कशाला? सीट मळते."

"चालवता किती?"

"आमची ही होती तोवर आठवड्याला हिला कोथरूडला बहिणीकडे सोडायचो. ही गेल्यापासून फक्त दसऱ्याला. पूजा झाली की सारसबागेपर्यंत जातो आणि सिग्नल पाळून परत येतो."

हे गृहस्थ विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासायला होते. पस्तीस वर्षं त्यांनी चेपलेल्या गाड्या बघितल्या आणि त्यातून एकच निष्कर्ष काढला. "रस्ता वाईट नाही हो. रस्त्यावर दुसरी माणसं असतात, ते वाईट." वल्लरीनं इतक्या जोरात मान हलवली की कानातलं हललं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला आपल्यापेक्षा भित्रं माणूस भेटलं होतं. असं माणूस खोटं बोलणार नाही, याची तिला खात्रीच पटली. ती खात्री तशी बरोबरच होती. केतकर एक अक्षर खोटं बोलले नाहीत. विचारायला नको ते सगळं या दोघांनी विचारलं, हा त्यांचा दोष नव्हे.

"पण मी रोज सकाळी सुरू करतो," केतकर अभिमानानं म्हणाले. "जागेवरच. चहा होऊन, निवून, पिऊन होईपर्यंत चालू ठेवतो. एक दिवस चुकवलेला नाही. वरचे लोक बोंबलतात, कपड्यांना धुराचा वास येतो म्हणून. बोंबलोत."

"म्हणजे इंजिन एकदम तंदुरुस्त," आमोद कौतुकानं म्हणाला. "गिअर कसे पडतात?"

"पहिले तीन उत्तम. चौथा मी वापरलेला नाही. अगदी नवा आहे."

मग विकणाऱ्यानं घेणाऱ्याची परीक्षा घेतली. गाडी कशाला हवी? रात्री बाहेर काढणार का? पावसात? मुलीसाठी, तिला दम लागतो, असं वल्लरीनं सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढला. पुसला. "डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाडी चालवू नका. मी म्हटलं, चालवतो कुठे? ते म्हणाले, मग विका." आणि किल्ली त्यांनी आमोदच्या पुढे आलेल्या हातात न देता वल्लरीच्या हातात दिली.

मालकी नावावर व्हायचं प्रकरण मात्र सरळ झालं नाही. आरटीओचा एजंट म्हणाला, आजची सही आणि गाडी घेतानाची सही जुळत नाही. हे केतकर ते केतकर नव्हेत. केतकरांनी त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बोट केलं. "या फोटोत आपल्याला केस आहेत. मी काही बोललो का?" त्यावर एजंटनं फाईल बाजूला सरकवली आणि जेवायला गेला. ती सही जमावी म्हणून केतकर घरी जाऊन जुन्या वर्तमानपत्रावर आपलंच नाव गिरवत बसले. सही जमली, तर मोबाईलवर येणारा ओटीपीचा आकडा नागपूरला गेला, कारण नंबर त्यांच्या लेकीचा दिलेला. भाग्यश्री दातांची डॉक्टर. आकडा येई तेव्हा तिचे दोन्ही हात कुणाच्या तरी जबड्यात असत, आणि ते बाहेर येईपर्यंत आकडा शिळा होई. "वडिलांना मोबाईल का घेऊन देत नाही?" आमोदनं वैतागून विचारलं. "दिलाय," भाग्यश्री म्हणाली. "कपाटात आहे. खोक्यात. खराब होईल म्हणून वापरत नाहीत."

शेवटी एकदाची गाडी हडपसरला आली. सोसायटीत नारळ फुटला, पेढे वाटले गेले. नजमा मिसनी पेढा घेतला, बॉनेटभोवती एक प्रदक्षिणा घातली, टायरला नख लावलं आणि "छान रंग आहे" एवढंच म्हणाल्या. ज्या बाईला प्रत्येक गोष्टीवर मत असतं तिनं रंगाचं कौतुक करावं, हे वल्लरीच्या छातीत कळ येण्यासारखं होतं.

मग गाडी आपलं वय दाखवायला लागली. पहिल्याच आठवड्यात वायपर फिरवला तर त्याचं रबर काचेवर काळ्या शेवयांसारखं पसरलं. टायरच्या कडांना उन्हाळ्यातल्या टाचांसारख्या भेगा निघाल्या. चारही बदलावे लागले. एकदा हॉर्न वाजला तो वाजतच राहिला, आणि मगरपट्ट्याच्या सिग्नलला वल्लरी दोन्ही बाजूंच्या लोकांना हात जोडत "मी नाही हो, तीच" असं सांगत राहिली. एका स्कूटरवाल्या काकांनी काच ठोठावून विचारलं, "अहो, वरात कुणाची आहे?"

एसीचं तर विचारूच नका. केतकरांनी तो कधी लावलाच नव्हता. तोही नवा होता. वल्लरीनं बटण दाबलं तशी झरोक्यातून अकरा वर्षांची धूळ आणि उंदरानं कुरतडलेल्या कापसाचे पुंजके शाल्मलीच्या तोंडावर आले. मुलगी एकदा शिंकली. दुसऱ्यांदा शिंकली. वल्लरीनं गाडी रस्त्याच्या कडेला घातली, पोरीला बाहेर काढून छातीला कान लावला आणि पाचदहा मिनिटं फुटपाथवर तशीच बसून राहिली. शिट्टी वाजली नाही. "आई, परत कर ना," पोरगी म्हणाली. तिला तो कापसाचा पाऊस फार आवडला होता. त्यानंतर कितीतरी दिवस वल्लरीनं तिला गाडीत बसवलंच नाही. ज्या मुलीसाठी गाडी घेतली ती बापाचं बोट धरून पायी शाळेत, आणि आई गाडीत, सराव म्हणून, तिच्या मागून दुसऱ्या गिअरमध्ये.

"पण नऊच हजार पळालीय," आमोद पुन्हा पुन्हा म्हणायचा, जणू गाडीनं ते ऐकून वरमावं.

अखेर एक दिवस नजमा मिसनी त्याला खाली उभा केला. "आमोद, काटा काय मोजतो? चाकं. रोज सकाळी चहा होईपर्यंत चाकं फिरली का? नाही. इंजिन फिरलं का? फिरलं. म्हणजे ती बाई अकरा वर्षं घरात राबली आणि हजेरी कुठेच लागली नाही. आणि तुम्ही म्हणताय, काही कामच केलं नाही हिनं!"

आमोदनं सोसायटीतल्या इतर बायकांच्या नजरा आपल्यावर खिळलेल्या पाहिल्या आणि तो दूध आणायला गेला.

या सगळ्यात एक गोष्ट सांगायची राहिली. गाडी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, दूध तापत असताना, फोन वाजला.

"केतकर बोलतोय. केलीत का सुरू?"

"काका, अजून नाही. डबा चाललाय."

"डबा थांबेल. बॅटरी थांबत नाही."

वल्लरीला संताप आला. गाडी आमची, सुरू करायची की नाही ते आम्ही बघू! पण तिच्या स्वभावातल्या भीतीला वाटलं, खरंच बॅटरी उतरली तर? ती गाऊनवर ओढणी घेऊन खाली गेली, किल्ली फिरवली. "आता फोन बॉनेटपाशी धरा," केतकर म्हणाले. तिनं धरला. मग, "आवाज बरा आहे. ठेवतो."

हे रोज व्हायला लागलं. वॉचमन सोसायटीभर सांगत सुटला की तीनशे दोनच्या मॅडम रोज सकाळी गाडीला फोन देतात. वल्लरीची मान खाली गेली, पण फोन उचलणं काही थांबलं नाही. एकदा फोन बॉनेटपाशी नेताना शाल्मली कडेवर होती. केतकरांनी मध्येच विचारलं, "ही बारीक शिट्टी पट्ट्याची की मुलीची?" तिनं दचकून पोरीच्या पाठीला कान लावला. मुलीचीच होती, नुकती सुरू झालेली. वेळेवर वाफ दिली, पंप दिला, निभावलं. त्या दिवसापासून दोन्ही आवाजांची तपासणी व्हायची, आधी इंजिन, मग शाल्मली. शाल्मली फोनमध्ये जोरात श्वास सोडायची आणि "मी बरी आहे, ठेवते" म्हणायची.

आणि आज सकाळी फोन आला नाही.

दूध तापलं, उतू गेलं. वल्लरीनं ओटा पुसला. येईल, म्हणाली. शाल्मलीची वेणी झाली. मग तिनंच केतकरांच्या घरचा फोन लावला. रिंग वाजत राहिली. तो फोन त्यांच्या खुर्चीच्या हातापाशी असतो हे तिनं बघितलेलं, एरवी दुसऱ्या रिंगला "कोण?" येतं. पुन्हा लावला. पुन्हा लावला. नागपूरला लावला, तर मदतनीस म्हणाली, मॅडम पेशंटमध्ये आहेत, निरोप देते. केतकरांच्या इमारतीत खाली स्पर्धा परीक्षांचे क्लास आहेत, त्यांचा नंबर मोबाईलवर शोधून लावला, तर एक मुलगी म्हणाली, "दुसऱ्या मजल्यावर कोणी राहतं का? आम्हाला माहीत नाही, मॅम. तुम्हाला डेमो लेक्चर हवंय का?" वर राहणाऱ्यांचा नंबर तिच्याकडे नव्हता. आणि त्यांना काय कळणार? धूर येत नाही म्हणून ते हल्ली सुखातच असतील.

औषधाच्या कागदावरची सगळी वाक्यं वल्लरीच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. चक्कर. तोल जाणे. ओली न्हाणी. दाराला आतून साखळी.

आमोद हैदराबादला. त्याला फोन लावला तर म्हणाला, "अगं, फिरायला गेले असतील."

"रस्त्यावर दुसरी माणसं असतात म्हणून ते फिरायला जात नाहीत," वल्लरी म्हणाली.

शाल्मलीला तिनं नजमा मिसकडे सोडलं. मिस काही म्हणणार होत्या, पण तिच्या तोंडाकडे बघून त्यांनी फक्त पाण्याची बाटली तिच्या हातात कोंबली. "जा. हळू जा."

ती हळू गेली नाही. सोलापूर रस्त्याला लागली तेव्हा हात स्टिअरिंगवर घामानं सरकत होते. बसवाला डावीकडून घुसला, ट्रकवाला उजवीकडून, आणि या दोघांमधून तिनं आयुष्यात पहिल्यांदा चौथा गिअर टाकला. पडला. लोण्यासारखा पडला. फातिमानगर मागे गेलं, पुलगेट गेलं. चिंतामणी रंगाची ती म्हातारी अशी काही पळत होती की वल्लरी मोठ्यांदा म्हणाली, "चल बाई, त्यांच्याकडेच चाललोय, चल!"

शंकरशेठ रस्त्यावर, स्वारगेट दिसायला लागलं त्याच सुमाराला तापमानाचा काटा उठला. आधी तिला वाटलं, हाही आजवर वापरलेला नसेल, म्हणून हौसेनं फिरतोय. मग बॉनेटच्या फटीतून वाफ आली. मग आत काहीतरी फट्कन फुटलं आणि रस्त्यावर हिरवट पाण्याचा ओघळ निघाला. गाडी भर रस्त्यात थांबली. मागे पुण्याची सगळी लोकसंख्या हॉर्न वाजवायला लागली.

"मॅडम, कारंजं घरी करायचं ना, पार्किंगमध्ये," एक जण जाता जाता म्हणाला.

वाहतूक पोलीस आला. वल्लरी एका दमात म्हणाली, "दादा, मला जाऊ द्या, तिकडे माणूस पडलाय बहुतेक." तो म्हणाला, "जा की. पण गाडी घेऊन जा. इथं सोडून नाही जाता येणार, क्रेन बोलावलीय." तिनं चार रिक्षांना हात केला. दोन थांबल्या नाहीत. तिसरा म्हणाला, "पेठेत नाही जात, सगळे वन-वे." चौथ्यानं वाफेकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आधी ते विझवा ताई."

क्रेन अजून आलेली नाही. वल्लरी दुभाजकाला टेकून उभी आहे. एका कानात बोट, दुसऱ्या कानाला फोन. पलीकडे ती रिंग वाजतेच आहे, आणि तिला ती खोली दिसतेय, खुर्ची दिसतेय, खुर्चीत कुणी दिसत नाहीये. लावायचे तेवढे फोन लावून झालेत. ज्यांना सांगायचं ते सगळे संपले. आता उरलात तुम्ही.

"अहो, तुमच्यापैकी कुणी आत्ता टिळक रोडच्या बाजूला आहे का?" ती म्हणतेय. "मग जरा जाऊन याल? खाली क्लासची मोठी पाटी आहे, मुलांच्या सायकलींतून वाट काढा, दुसरा मजला, डावं दार. बेल दाबून धरा, एकदा वाजवून उपयोग नाही. गाडी बंद पडलीय हे मात्र सांगू नका, त्यांना सोसायचं नाही. आवाज बरा आहे, एवढंच सांगा. दार उघडायला वेळ लागेल, थांबा. आणि आतून 'कोण आहे? ही काय वेळ झाली यायची?' असं कुणी खेकसलं, तर कृपा करून उलट बोलू नका. चपला बाहेर काढा, आणि ते खेकसणं मला फोनवर ऐकवा."